विन्याची एक मॅच

परत आल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, "मग, काय काय पाहिलं तिकडे?" सातारा-सांगली म्हटलं की नागपूरच्या माणसाला किल्ले आठवतात, पठारावरची फुलं आठवतात, कृष्णेचा घाट आठवतो. मी म्हटलं, "तीन मैदानं पाहिली." मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं, मी थट्टा करतेय. थट्टा कसली डोंबलाची! त्यांच्या दारात दोनदा उभं राहून रजा मिळवली होती, ती किल्ले बघायला नव्हतीच. मला माझ्या धाकट्या भावाला फुटबॉल खेळताना बघायचं होतं. एकदा. मैदानाच्या कडेला उभं राहून, माझ्या डोळ्यांनी.

माझं माहेर आष्ट्याचं. विनायक, म्हणजे आमचा विन्या, अडतीस वर्षांचा. पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान चालवतो आणि वीस वर्षं आमच्या गल्लीच्या संघातून डाव्या बाजूला खेळतो. आमच्या लहानपणी पोरी मैदानावर जात नसत. "तिथं पोरींचं काय काम?" एवढं आई म्हणाली की विषय संपला. मी माळवदावरून बघायची. पण माळवदावरून अर्धंच मैदान दिसे. पलीकडचा गोल चिंचेच्या झाडामागे, आणि विन्याची स्वारी कायम त्याच अंगाला. आरडाओरडा झाला की मी वरूनच विचारायची, "विन्यानं मारला का रं?" कुणीतरी हात वर करायचा, तेवढंच. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन नागपूरला आले. सामने असतात जानेवारी-फेब्रुवारीत, नेमकी तेव्हा शाळेत दहावीची धांदल. तेवीस वर्षं हे असंच चाललं. मोबाईल आल्यावर पोरं व्हिडिओ पाठवायला लागली, पण त्यात माणूस मुंगीएवढा. मी कौतुकाने बघत असते ती मुंगी निम्म्या वेळा विन्या नसतेच.

यंदा दिवाळीत तो फोनवर म्हणाला, "आक्का, औंदा शेवटचं. गुडघा न्हाई म्हनतोय." त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून रजेचा अर्ज लिहिला आणि कारणाच्या जागी लिहिलं, ‘कौटुंबिक’.

मंगळवार, सातारा

ज्यांनी सातारा पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगते: स्टेशनावर उतरलं म्हणजे साताऱ्यात पोचलं असं समजू नका. गाव लांब आहे. रिक्षावाल्याला म्हटलं, "सामने चाललेत ना, त्या मैदानावर घ्या." त्याने बॅग उचलली, वाटेत मला नागपूरच्या उन्हाबद्दल चार प्रश्न विचारले आणि मोठ्या थाटात एका मैदानापाशी उतरवलं. बघते तर कबड्डी! मी म्हटलं, "आवं, फुटबॉल म्हणाले मी." तर म्हणतो कसा, "तुमी सामनं म्हनलासा. ही काय, सामनंच हायती की." आहे की नाही? पंचवीस तासांच्या प्रवासाने आंबलेलं माझं डोकं तापलं, पण वाटेत त्याने गाडी थांबवून कंदी पेढे घ्यायला लावले आणि त्या दुकानदाराने चवीला म्हणून अख्खा पेढा हातावर ठेवला. माझा राग तिथेच निम्मा झाला.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या मैदानावर पोचले तेव्हा आमच्या गल्लीचा टेम्पो कडेला उभा होता आणि टेम्पोच्या सावलीत दोन म्हातारे भांडत होते. एक इस्माईलचाचा. पत्र्याच्या पेट्या करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि गल्लीच्या संघाची एकही मॅच त्यांनी चुकवलेली नाही. दुसरे जगन्नाथआबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, दहा एकर उसाचे मालक. दोघांची मैत्री आमच्या जन्माआधीची आणि भांडणही तेवढंच जुनं.

"खेळाडू म्हंजे काय लोनचं हाय व्हय, बरनीत घालून ठेवायला?" चाचा म्हणत होते.

"चाचा, फौजेत एक कायदा हाय. राखीव तुकडी पयल्या दिवशी काडायची न्हाई."

"तुमची राखीव तुकडी वाट बघून बघून पेन्शनीत जाईल, आबा!"

मला बघून दोघंही थांबले. "आगं, सुनंदा! आमची पोर!" असं म्हणून चाचांनी डोक्यावर हात ठेवला आणि आबांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी विचारलं, "विन्या कुठाय? कपडे बदलतोय का?" दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग आबांनी मैदानामागच्या झाडाकडे बोट दाखवलं. तिथे तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढवलेलं होतं आणि आमचे बंधुराज कमरेला टॉवेल बांधून रस्सा ढवळत होते.

आमच्या गल्लीची रीत अशी. संघात खेळाडू पंधराच, आणि यंदा एका आठवड्यात तीन ठिकाणचे कप आलेले: साताऱ्याचा, वडूजचा, सांगलीचा. कुणाला कुठे उतरवायचं, कुणाला बसवायचं, हे एकटा कोच ठरवत नाही. टेम्पोत बसून आलेल्या प्रत्येक माणसाला एक मत. खेळाडूंना मत नाही. एक किटली फिरते आणि प्रत्येकाला शेंगदाण्याची एक शेंग मिळते. अमका खेळावा असं वाटत असेल तर शेंग अख्खी किटलीत टाकायची. बसावा असं वाटलं तर दाणे खायचे आणि टरफल टाकायचं. टेम्पोत सगळे तसेही शेंगा खात असतात, त्यामुळे कुणी काय टाकलं ते कळत नाही. ज्याच्यावर मत चाललंय तो लांब जाऊन उभा राहतो आणि चर्चा सुरू झाल्यापासून मत पडेपर्यंत त्याला कुणी काही विचारायचं नाही, त्यानेही बोलायचं नाही. नाहीतर पोरं हातापाया पडतात, रुसतात, गल्लीत दोन तट पडतात. आणि जो बसला त्याने त्या दिवशी सगळ्यांचं जेवण रांधायचं. बसलेल्या माणसाचे हात रिकामे राहिले तर डोकं फिरतं, असं चाचांचं म्हणणं.

डॉक्टरांनी विन्याला आठवड्याला एकच मॅच सांगितली होती. म्हणजे ह्या आठवड्यात त्याची एक मॅच, आणि ती कुठे खर्चायची ह्यावर सगळी गल्ली गेले पंधरा दिवस वाद घालत होती. सकाळी किटली फिरली होती. समोरचा संघ लेचापेचा आहे, ह्या आबांच्या मुद्द्यावर टरफलं जास्त पडली होती.

"आलीस व्हय, आक्का," विन्या म्हणाला आणि हातातल्या पळीसकट मला वाकून नमस्कार केला. केसांत पांढरं दिसलं. मी त्याला वर्षातून एकदा बघते, त्यामुळे प्रत्येक वेळी एकदम सगळं पांढरं झाल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "मेल्या, एवढ्या लांबून तुझा रस्सा चाखायला आले का मी?" तर म्हणाला, "चाखून तर बघ. तुमच्या सावजीचा बाप हाय."

होता खरा. नागपूरच्या रश्श्यात मसाला पुढे येतो, इथे कांदा-लसूण आणि भाजलेलं खोबरं. आम्ही मॅच जिंकली, रविवारची फायनल ठरली, आणि मी झाडाखाली बसून भाकरी चुरून खाल्ली. पोट भरलं. पण मैदानावर डावीकडून पळणारं दुसरंच पोरगं बघताना मला सारखं वाटत होतं, इथे विन्या पाहिजे होता.

गुरुवार, वडूज

बुधवार आष्ट्यात गेला. ऊसतोड चालू होती, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि संध्याकाळी कट्ट्यावर पुन्हा तेच: वडूजला काय करायचं? नागपुरात लोक पानठेल्यावर विश्वचषकाबद्दल बोलतात, परदेशातल्या संघांबद्दल बोलतात. आमच्याकडे ज्याच्याबद्दल बोलतात तो शेजारीच बसून चहा पीत असतो. विन्या गालातल्या गालात हसायचा आणि कायद्याप्रमाणे तोंड बंद ठेवायचा.

गुरुवारी मी टेम्पोत बसले, म्हणजे मला मत मिळालं. बाईमाणूस टेम्पोत बसायची आमच्या गल्लीतली ही पहिलीच वेळ. एका पोराने कुरकुर केली, तर चाचा म्हणाले, "कायदा काय म्हनतोय? टेम्पोत बसला त्याला मत. बाप्या बसला त्याला, असं कुटं म्हनलंय?" मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! ज्या मैदानावर मला पाऊल टाकू दिलं नव्हतं त्याचा कारभार आता माझ्याही हातात होता.

वडूजकडे जाताना ऊस मागे पडतो. जमीन मोकळी, वाऱ्याला अडवणारं काही नाही, ज्वारी कमरेएवढी, आणि मधूनच मेंढरांचा कळप रस्ता अडवून उभा. दर गावात एखादा तरी फौजी सुट्टीवर येऊन घराला रंग लावत बसलेला. वडूजचा कप त्या फौजींनीच भरवलेला. मैदान मात्र मी चपलेने उकरून बघितलं. वर मुरूम, खाली खडक.

"ह्याच्यावर त्या गुडघ्याला नाचवतासा व्हय?" आबा म्हणाले. ह्या वेळी चाचांनी वाद न घालता किटली काढली. तरी मी माझी शेंग अख्खी टाकली. टाकताना माझी मलाच लाज वाटली, पण टाकली. किटली उलटी केली तेव्हा ढीगभर टरफलांत चारच शेंगा निघाल्या आणि विन्या हसत चुलीकडे गेला.

मैदानाच्या कडेला गावच्या बाया बसल्या होत्या. एका आजींनी घोंगडं सरकवून जागा केली. "बसा की, आवं बाई. तुमचं कोन खेळतंय?"

"भाऊ."

"कंचा त्यो?"

आता काय सांगायचं? मी धुराकडे बोट केलं. "तो तिकडे. वांगी भाजतोय तो."

आजींनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं. "चांगला हाय की," म्हणाल्या, "चूल वाऱ्याखाली मांडलीया, म्हंजे धूर लोकांच्या डोळ्यात जात न्हाई." मग त्यांनी ओच्यातून गरम हुरडा काढून माझ्या हातावर ठेवला, वर लसणाची चटणी. हुरडा एवढा गोड, पण मी तो हातातच धरून बसले. समोर आमची पोरं खडकावर घसरून पडत होती. तीन गोलांनी हरलो.

परतीच्या वाटेवर टेम्पोत शेंगाही कुणी खाल्ल्या नाहीत. शेवटी चाचाच म्हणाले, "गेला त्यो गेला. आता दोन ऱ्हायले. सांगलीची सेमी शनवारी, साताऱ्याची फायनल ऐतवारी. आन् विन्याचा गुडघा एक."

मी मनात हिशेब केला. माझी गाडी शनिवारी दुपारी सांगलीहून होती. सोमवारी दहावीची सराव परीक्षा, वर्ग माझ्या ताब्यात. त्या रात्री मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला, गयावया केली, फक्त एक दिवस द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "सुनंदाताई, तुम्हीच असं केलं तर मी कुणाकडे बघू?" खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. म्हणजे विन्या सांगलीला उतरला तरच मला दिसणार होता, नाहीतर नाही. ह्या जन्मात नाही.

शुक्रवार, आष्टा

दुपारी भावजयीबरोबर शेंगा फोडत बसले होते. मनीषा तोंडाने फटकळ पण पोटात काही ठेवणारी नाही. ती आपणहून म्हणाली, "आक्का, तुमास्नी म्हाईत न्हाई. सा वर्सामागं साताऱ्याची फायनल झाली. शेवटाला पेनल्टी ह्यांच्याकडं आली आन् ह्यांनी ती भायेर घालवली. त्या दिवशी घरी आलं ते चपला काडायचं इसरून ताटावर बसलं. अजून कुनी साताऱ्याचं नाव काडलं की अर्ध्या जेवनावनं उठत्यात."

मला हे खरंच माहीत नव्हतं. फोनवर त्याने एवढंच सांगितलं होतं, "हारलो, आक्का." मी म्हटलं होतं, "असू दे रं." आणि मग मुलांच्या परीक्षेचं काहीतरी बोलले असेन. तेवीस वर्षं लांब राहिलं की भावाचं दुःखही असं बातमीसारखं कानावरून जातं. मला फार वाईट वाटलं.

विन्या दिवसभर घरातच होता. दुकान बंद ठेवलं होतं. माझ्यासाठी ताजी भाजलेली भडंग घेऊन आला, अंगणात बसून गुडघ्याला तेल चोळलं, दोनदा उगाचच स्वयंपाकघरात येऊन गेला. "उद्या गाडी कितीची म्हनलीस?" असं विचारलं. मी सांगितलं. "हं," म्हणाला. मला विचारावंसं वाटलं, बाबा रे, तुला काय पाहिजे? सांगली का सातारा? तोंडाशी आलेलं मी गिळलं. मत चालू असताना खेळाडूला विचारायचं नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा त्या मैदानाचा एक कायदा पाळायला मिळाला होता, तो मी मोडणार नव्हते.

शनिवार, सांगली

सामना सकाळी नऊचा. सांगलीत शिरताना हळदीचा वास येतो असं मी नागपुरात सगळ्यांना सांगते, आणि खरंच येतो, निदान मला येतो. मैदानाबाहेर टेम्पो उभा राहिला. विन्या उतरून पार रस्त्यापलीकडे रसवंतीच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहिला. चाचांनी किटली काढली, पण फिरवायच्या आधी आबा उठले.

"माजं ऐका," आबा म्हणाले. "आजवर मी बसवा बसवा म्हनलो. आज म्हनतो, खेळवा. ही पोर कुटनं आलीय बगा. दुपारी जानार. भावाला बगू दे तिला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांकडून मला ही अपेक्षा नव्हती.

मग चाचा बोलले, आणि ते नेहमीसारखं ओरडून बोलले नाहीत. "आबा, मी कायम खेळवा म्हनलो. पर आज न्हाई. साताऱ्याचा कप आपल्या गल्लीत कदी आला न्हाई. मी पोरगा हुतो तवापास्नं वाट बगतोय. उद्या विन्या न्हाई तर कप न्हाई, हे तुमालाबी म्हाईत हाय." आणि माझ्याकडे वळले. "बेटी, तुला वाईट वाटंल. माफ कर. पर हे माझ्या मनातलं हाय."

जन्मभराची भांडणं, आणि शेवटच्या दिवशी दोघांनी बाजू बदलल्या. किटली फिरली. माझ्या हातात शेंग आली. मी ती मुठीत धरून बसले. रस्त्यापलीकडे विन्या दिसत होता, रसाचा ग्लास हातात तसाच, आणि तो आमच्याकडे बघत नव्हता. मला त्याला पळताना बघायचं होतं हो! जिवाच्या आकांताने बघायचं होतं. पण मनीषाचं बोलणं डोक्यातून जाईना. ती पेनल्टी पुसायची एकच संधी त्याला होती, आणि ती उद्या होती. मी थोरली. लहानपणापासून शेवटचा लाडू त्याच्या ताटात टाकत आले. मी शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले, आणि टरफल किटलीत.

चाचांनी मोजलं. नऊ शेंगा. दहा टरफलं.

"एका टरफलानं," आबा हळहळले.

रस्त्यापलीकडून विन्या आला, त्याला सांगितलं, त्याने मान हलवली आणि सरळ जाऊन टेम्पोतून पातेलं उतरवायला लागला. सामना सुरू झाला. सगळी गल्ली ओरडायला लागली. मी पदर तोंडाला लावून रडले. कुणाचं लक्ष नसेल असं वाटलं. सामना चुरशीचा झाला, एका गोलाने गेला, पण काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही.

त्या दिवशी त्याने अख्खा मसूर केला होता. जाड, लालभडक, वर कोथिंबीर. नागपूरला मी कितीदा केला, तो गुण येत नाही. त्याने माझ्यासाठी वेगळा डबा भरला. स्टेशनवर सोडायला एकटाच आला, बॅग वर ठेवली, खिडकीपाशी उभा राहिला. मी म्हटलं, "उद्या जिंकायचं बघ." म्हणाला, "बगतो की." मग गाडीने शिट्टी दिली आणि तो गाडीबरोबर चार पावलं चालला, किंचित लंगडत. त्याला मी तेवढंच पळताना बघितलं, असं म्हणायचं तर म्हणा.

नागपूर

रविवारी दुपारी गाडी वर्ध्याच्या अलीकडे होती, तेव्हा चाचांचा फोन आला. ते काय बोलत होते ते हलगीत कळेना, पण म्हातारा रडत होता एवढं कळलं. कप आला! विन्या पूर्ण वेळ खेळला, दोन गोल त्याच्या पासवर झाले. मी डब्यातल्या अनोळखी लोकांना भडंग वाटली. एका बाईने विचारलं, "मुलगा झाला का कुणाला?" मी म्हटलं, "तसंच समजा."

विन्याचा फोन सोमवारी आला, मधल्या सुट्टीत. आवाज बसलेला.

"आक्का, आला गं कप."

"कळलं रे. कसा खेळलास?"

"लोकं म्हनत्यात लय भारी खेळलो." मग म्हणाला, "आक्का, ते दहावं टरफल तुझं हुतं न्हवं?"

मी खोटं बोलू शकले असते. मत गुप्त असतं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. मॅच सुरू झाली तवा सगळी वरडत हुती. तू एकटी रडत हुतीस. चुलीम्होरनं दिसतंय की सगळं."

"मनीषानं ती पेनल्टी सांगितली रं मला," मी म्हटलं. "मला वाटलं, उद्या तुला..."

"पेनल्टी गेली मसनात. फायनल काय, दरसाल असती. औंदा मी न्हाई तर दुसरा कोन मारंल." त्याचा आवाज वर गेला नव्हता. "मला सांगलीला खेळायचं हुतं. तू तितं उबी ऱ्हानार हुतीस म्हनून. शुकरवारभर घरात बसून हुतो, तू इचारशील म्हनून. मला बोलता येत नव्हतं. कायदा गल्लीला हुता, भैनीला न्हाई. तुला इचारता आलं असतं की."

मी पदर तोंडाला लावला. व्हरांड्यात मुलं दंगा करत होती.

"जाऊ दे," विन्याच म्हणाला. "रडू नगंस. पुढच्या बारीला मला इचार."

त्याने आदल्या संध्याकाळीच बूट एका नव्या पोराला देऊन टाकले होते. मनीषाने मला ते सकाळीच सांगितलं होतं.

"इचारीन," मी म्हटलं.